ब्लूजचा २०१८-१९ चा हंगाम: चमत्कार, की गुणतक्त्याने केलेली दिशाभूल?

मिसुरीकर (धागाकर्ता)

सप्रेम नमस्कार. मी गेली सतरा वर्षे सेंट लुईसमध्ये राहतो. या गावात बेसबॉल हा देव आणि आइस हॉकी हे व्यसन मानले जाते. मला देवापेक्षा व्यसन आधी जडले, त्यामुळे आज लिहायचे आहे ते आमच्या सेंट लुईस ब्लूज या संघाच्या २०१८-१९ च्या हंगामाविषयी.

३ जानेवारी २०१९ च्या सकाळी एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या ३१ संघांत ब्लूज ३१ व्या क्रमांकावर होते. ३७ सामन्यांपैकी १५ जिंकलेले, १८ सरळ हरलेले आणि ४ जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये गमावलेले, असे एकूण ३४ गुण त्यांच्या खात्यावर होते. त्याच संघाने १२ जूनच्या रात्री बॉस्टनमध्ये अंतिम मालिकेचा सातवा सामना ४-१ असा जिंकून स्टॅनले चषक उचलला. १९६७ साली संघ स्थापन झाल्यापासूनचा हा त्यांचा पहिलाच चषक होता.

ही गोष्ट सांगताना प्रत्येक जण तिला परीकथेचे रूप देतो. भिकाऱ्याला रस्त्यात हिऱ्याची अंगठी सापडावी, तसा हा चषक सापडल्याचे सांगितले जाते. मला ते पटत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात या संघाने बफेलोकडून रायन ओ'रायलीला आणले, टायलर बोझॅक, डेव्हिड पेरॉन आणि पॅट मरून यांना करारबद्ध केले, आणि टारासेंको, पिएत्रांजेलो, शेन, परेको ही मंडळी तर आधीपासूनच घरात होती. हा संघ तळाला जावा असा नव्हताच. शितावरून भाताची परीक्षा करतात हे मान्य, पण वरची काही शिते कच्ची निघाली म्हणून पातेले उलथे करण्याची घाई सगळ्यांनी केली, असे माझे मत आहे. शिवाय त्या दिवशी इतर बहुतेक संघांपेक्षा ब्लूजचे सामनेही कमी झाले होते, हे ‘शेवटचा क्रमांक’ म्हणताना कुणी सांगत नाही.

तर प्रश्न असा: जानेवारीनंतर नेमके काय बदलले? प्रशिक्षक, गोलरक्षक, नशीब, की काहीच नाही?

कृष्णाकाठ

धागा आवडला. मी सांगलीत राहतो आणि मला मैदानी हॉकी कळते, बर्फावरची नाही. आयपीएलमध्ये २०१५ साली मुंबईने पहिले चार सामने हरून शेवटी चषक जिंकला होता, तसाच हा प्रकार आहे का? आणि जादा वेळेत हरणाऱ्यालाही गुण मिळतो, हे वाचून थोडी गंमत वाटली. हरल्याचे बक्षीस देणारी ही कोणती उदार स्पर्धा आहे?

मिसुरीकर

@कृष्णाकाठ, उदारपणाचे म्हणाल तर विजयाला २ गुण, जादा वेळेतल्या किंवा शूटआउटमधल्या पराभवाला १ आणि साध्या पराभवाला शून्य, असा हिशोब असतो. त्या हंगामात प्रत्येक संघ ऑक्टोबर ते एप्रिल ८२ सामने खेळला. त्यातून १६ संघ बाद फेरीत जातात आणि तिथे प्रत्येक फेरी सात सामन्यांची असते, म्हणजे जो आधी चार जिंकेल तो पुढे जातो. चषकासाठी एकूण १६ विजय लागतात आणि त्यात दोन महिने जातात. मुंबईची तुलना मला आवडली, पण तिथे चार पराभवांनंतरही एप्रिलच चालू होता. इथे जवळजवळ अर्धा हंगाम संपून गेला होता.

हिमगौरी

माझा मुलगा टोरांटोत मुलांच्या लीगमध्ये गोलरक्षक आहे. त्याची ती भली मोठी बॅग गाडीच्या डिकीत ठेवून आठ हिवाळे मी काढले आहेत. ओल्या पॅडचा तो वास काचा उघड्या ठेवल्या तरी जात नाही, आणि उणे पंधरा अंशांत काचा उघड्या ठेवताही येत नाहीत. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार माझ्याकडे आहे, असे मी समजते. उत्तर एका शब्दाचे आहे: बिनिंग्टन.

गोलरक्षक जॉर्डन बिनिंग्टनला ब्लूजने २०११ साली नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत तिसऱ्या फेरीत, ८८ व्या क्रमांकावर निवडले आणि पुढची सात वर्षे जवळजवळ विसरून गेले. २०१७-१८ मध्ये तर ब्लूजचा स्वतःचा दुय्यम संघच नव्हता, म्हणून त्याला उसना देऊन टाकला. कुणाला दिला? बॉस्टनच्या प्रॉव्हिडन्स येथील दुय्यम संघाला! ज्या बॉस्टनने त्याला वर्षभर पोसले, त्याच बॉस्टनचा घास त्याने पुढच्या जूनमध्ये काढून घेतला.

डिसेंबरमध्ये राखीव गोलरक्षक चॅड जॉन्सन अनाहाइमला गेला आणि बिनिंग्टनला जागा मिळाली. ७ जानेवारी २०१९ रोजी फिलाडेल्फियात तो एनएचएलमधल्या पहिल्या सामन्यात सुरुवातीपासून उतरला, पंचवीस फटके अडवले आणि ३-० असा निकाल लावला. तिथून हंगाम संपेपर्यंत त्याच्या नावावर २४ विजय, ५ पराभव आणि १ जादा वेळेतला पराभव लागला. अडवलेल्या फटक्यांचे प्रमाण ९२.७ टक्के, आणि दर सामन्यामागे सरासरी १.८९ गोल.

आता धागाकर्त्यांनीच दिलेले आकडे घ्या. ब्लूजने हंगाम ४५-२८-९ असा संपवला. त्यातून ३ जानेवारीपर्यंतचे १५-१८-४ वजा केले की उरलेल्या ४५ सामन्यांत ३०-१०-५ राहतात. त्यातून बिनिंग्टनचे वजा करा. बाकी उरते ६-५-४. म्हणजे तो नसताना हा संघ जानेवारीनंतरही सर्वसाधारणच होता. आणखी काही सिद्ध करायचे राहिले आहे का?

त्रैराशिक

हिमगौरीताई, वजाबाकी बिनचूक आहे, पण निष्कर्षाची घाई झाली असे नम्रपणे वाटते. पंधरा सामन्यांच्या आकड्यांवरून संघ सर्वसाधारण ठरवायचा असेल, तर सदतीस सामन्यांवरून त्याला वाईट ठरवणाऱ्यांना आपण नावे कशी ठेवणार?

मुद्दा असा की गोलरक्षकाकडे फटके कुठून येतात, यावर त्याचे प्रमाण पुष्कळ अवलंबून असते. नवे प्रशिक्षक क्रेग बेरुबे आल्यावर ब्लूजच्या खेळात दिसणारा बदल हा होता की पुढच्या फळीतले पहिले दोघे प्रतिस्पर्ध्याच्या गोलामागच्या कोपऱ्यात घुसून, अंगाने रेटून, पक (खेळातली चकती) तिथेच अडकवून ठेवत. पाहायला हा खेळ देखणा नव्हता. पण पक समोरच्याच्या अंगणात पडून असेल, तर तुमच्या गोलरक्षकाला काम कमी पडते आणि जे पडते ते दुरून पडते. बिनिंग्टन उत्तम होताच, पण त्याला नांगरलेली जमीन मिळाली.

अर्थात प्रशिक्षकाच्या बाजूने बोलताना माझ्याच विरोधातला आकडाही सांगायला हवा. आधीचे प्रशिक्षक माइक यो यांना १९ नोव्हेंबर २०१८ रोजी काढले, तेव्हा संघ ७-९-३ होता. म्हणजे बेरुबे आल्यानंतर ३ जानेवारीपर्यंत संघ ८-९-१ असाच खेळला. सहा आठवडे नवा प्रशिक्षक असूनही गाडी चिखलातच रुतलेली होती. त्यामुळे ‘प्रशिक्षक बदलला आणि दैव बदलले’ हे वाक्य तारखांच्या कसोटीवर टिकत नाही. पेरणी नोव्हेंबरात आणि कापणी फेब्रुवारीत, इतकेच फार तर म्हणता येईल.

टवाळखोर

बेरुबे हे त्या पूर्ण काळात कागदोपत्री ‘हंगामी’ प्रशिक्षक होते, चषक उचलेपर्यंत! कायम नेमणूक त्यानंतर, २४ जूनला झाली. हंगामी माणसाने अख्खा हंगामच जिंकून दिल्याचे उदाहरण मराठी व्याकरणात नोंदवून ठेवावे, अशी मागणी करतो.

म्हैसपूरकर

मी बफेलोत राहतो, सदस्यनामावरून ते कळलेच असेल. वरच्या प्रतिसादांत प्रशिक्षक झाला, गोलरक्षक झाला, पण ज्याच्यामुळे माझे जेवण गेले त्या माणसाचा एका ओळीत उल्लेख करून सगळे पुढे निघाले आहेत.

रायन ओ'रायली आमचा होता. २०१८ च्या एप्रिलमध्ये, आमचा संघ तळाला राहिल्यावर, त्याने पत्रकारांसमोर कबूल केले की अधूनमधून आपले खेळावरचे प्रेम हरवल्यासारखे झाले होते. या प्रांजळपणाचे बक्षीस म्हणून १ जुलैला त्याला सेंट लुईसला पाठवण्यात आले. त्याच दिवशी त्याला ७५ लाख डॉलरचा बोनस द्यावा लागणार होता, तो ब्लूजच्या तिजोरीतून गेला. बदल्यात आम्हाला बर्गलंड, सोबोटका, टेज थॉम्प्सन हा पोरगेला खेळाडू आणि दोन निवडी (नवोदित खेळाडू निवडण्याचे ब्लूजचे हक्क) मिळाल्या, पैकी एक पहिल्या फेरीतली.

पुढे काय झाले? त्या हंगामात त्याने २८ गोल आणि ४९ साहाय्ये मिळून ७७ गुण केले. बाद फेरीत २३. अंतिम मालिकेच्या चौथ्या, पाचव्या, सहाव्या आणि सातव्या अशा लागोपाठ चार सामन्यांत गोल केला, आणि तेही बरगडीला तडा गेलेला असताना. बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ करंडक त्यालाच मिळाला, तुमच्या गोलरक्षकाला नव्हे. जानेवारीत संघ तळाला असतानाही तो एकटा पहिल्या दिवशी खेळत होता तसाच खेळत होता. त्यामुळे ‘जानेवारीनंतर काय बदलले’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. जे बदलले नाही त्याच्याकडे पाहा.

टवाळखोर

@म्हैसपूरकर, तुमचे दुःख समजले. पण त्या पोरगेल्या थॉम्प्सनने २०२२-२३ मध्ये ४७ गोल केले, तेव्हा तुम्ही जेवलात ना?

म्हैसपूरकर

दोनदा वाढून घेतले.

तटस्थ

तीन उमेदवार झाले, पण चौथ्याचे नाव घ्यायला सगळे लाजत आहेत. त्याचे नाव नशीब.

पहिल्या फेरीत विनिपेगविरुद्ध मालिका २-२ अशी असताना पाचव्या सामन्यात ब्लूज ०-२ ने मागे होते. त्यांनी बरोबरी साधली आणि जेडन श्वार्ट्झने अवघे १५ सेकंद उरले असताना विजयी गोल केला. या श्वार्ट्झने साखळीच्या हंगामात ११ गोल केले होते, आणि बाद फेरीच्या दोन महिन्यांत १२ केले. हे कोणत्या प्रशिक्षकाने शिकवले?

दुसऱ्या फेरीत डॅलसविरुद्ध सातवा सामना दुसऱ्या जादा डावात गेला. समोरचा गोलरक्षक बेन बिशप याने ५२ फटके अडवले होते. शेवटी ब्लूजच्या थॉमसचा फटका खांबाला लागून बिशपच्या अंगावर आपटला आणि पॅट मरूनसमोर येऊन पडला. बिशप सेंट लुईसमध्ये वाढलेला, मरून सेंट लुईसमध्येच जन्मलेला. चकती चार बोटे उजवीकडे पडली असती, तर हा धागा डॅलसकर काढत असते.

अंतिम मालिकेच्या पाचव्या सामन्यात बोझॅकने बॉस्टनच्या खेळाडूला आडवा पाय घातला, पंचांनी शिट्टी वाजवली नाही, आणि लगेच पेरॉनने दुसरा गोल केला. सामना २-१ असा सुटला.

त्या वर्षी तर नशीबच मोकाट सुटले होते. टँपा बे संघ ६२ विजय आणि १२८ गुण घेऊन आला आणि पहिल्याच फेरीत कोलंबसकडून ०-४ असा हरला. चारही विभागांचे विजेते पहिल्या फेरीत बाहेर पडले. रस्ता इतका मोकळा झाल्यावर कुणाची तरी गाडी पोहोचणारच होती.

हिमगौरी

तटस्थ, तुम्ही सोयीचे तेवढे सांगितले. सॅन होजेविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात जादा वेळेत समोरच्या खेळाडूने पक चक्क हाताने पुढे ढकलला, चारही पंचांना तो दिसला नाही, आणि त्यावरच कार्लसनचा विजयी गोल झाला. तेव्हाच्या नियमांनुसार त्याची चित्रफीत तपासताही येत नव्हती. ब्लूज १-२ ने मागे पडले. नशिबावर चालणारा संघ तिथे कोसळला असता. यांनी पुढचे तिन्ही सामने जिंकले, त्यांपैकी दोन ५-० आणि ५-१ असे. नियम पुढच्या हंगामासाठी बदलला, म्हणजे वरातीमागून घोडे आले, पण वरात तोवर स्वतःच्या पायांनी मांडवात पोहोचली होती.

दाजीसाहेब

मी १९८० मध्ये या गावात आलो, तेव्हा जुन्या रिंगणाला चेकरडोम म्हणत. नशिबाची चर्चा चालली आहे, म्हणून ज्यांना जुने ठाऊक नाही त्यांच्यासाठी चार ओळी लिहितो.

हा संघ १९६८, १९६९ आणि १९७० अशी लागोपाठ तीन वर्षे अंतिम मालिकेत गेला. कौतुक आवरते घ्या. १९६७ साली घेतलेले सहाही नवे संघ एकाच विभागात टाकले होते, त्यामुळे त्यांतला एक जण अंतिम मालिकेत जाणे ठरलेलेच होते. तिन्ही वर्षी चारही सामने हरले, दोनदा मॉन्ट्रिअलकडून आणि तिसऱ्यांदा बॉस्टनकडून. बॉबी ऑर गोल करून हवेत आडवा झालेला तो प्रसिद्ध फोटो आमच्याच पराभवाचा आहे. त्यानंतर एकोणपन्नास वर्षे अंतिम मालिकेचे दर्शन नाही. १९८३ साली तर मालकांनी संघ वाऱ्यावर सोडला, सॅस्काटूनला हलवण्याचा घाट घातला गेला, आणि त्या वर्षी खेळाडूंच्या निवडीला संघातर्फे कुणी गेलेच नाही. आमचा संघ जिवंत आहे की नाही, हे वर्तमानपत्रात पाहावे लागत असे.

म्हणून २०१९ च्या मालिकेतला दुसरा सामना माझ्या लेखी सातव्याइतकाच मोठा आहे. पहिला सामना हरल्यावर अंतिम मालिकांमधला लागोपाठ तेरावा पराभव नोंदवला गेला होता. दुसऱ्या सामन्यात कार्ल गुनारसन या बचावपटूचा फटका शेवटच्या मिनिटांत खांबाला लागला. जादा वेळेपूर्वीच्या विश्रांतीत तो मुतारीत बेरुबेंच्या शेजारी उभा राहून म्हणाला की मला आणखी एकच संधी हवी आहे. चार मिनिटांच्या आत त्याने ती घेतली. बाद फेरीतला त्याचा तो पहिलाच गोल होता. एकोणपन्नास वर्षांचा शाप मुतारीत उतरवला गेला, असे आमचे मित्रमंडळ म्हणते.

मिसुरीकर

दाजीकाका, दंडवत! तुम्ही लिहावे म्हणूनच हा धागा काढला होता, असे आता मला वाटू लागले आहे.

कृष्णाकाठ

काकांचा प्रतिसाद आमच्या सौभाग्यवतींना वाचून दाखवला. मुतारीच्या उल्लेखावर त्यांनी पुढचे ऐकण्यास नकार दिला आहे.

चार्ल्सतीर

बॉस्टनहून लिहितो आहे. इथे येऊन बोलायला छाती लागते, तरी एक आकडा माझ्याकडूनही घ्या. ब्लूजने बाद फेरीत २६ सामने खेळून १६ जिंकले. घरच्या रिंगणात ६ जिंकले, ७ हरले. परक्या रिंगणात १० जिंकले, ३ हरले. अंतिम मालिकेत तर स्वतःच्या घरी तीनपैकी दोन हरले, तेही २-७ आणि १-५ असे. आमच्या रिंगणात मात्र चारपैकी तीन नेले.

यावरून मला वाटते ते असे, की या संघाला लोकांच्या अपेक्षा मानवत नव्हत्या. जानेवारीत तळाला गेल्यावर कुणाला अपेक्षाच उरली नाही, तेव्हा ते खेळू लागले. सहाव्या सामन्याच्या दिवशी अपेक्षा पुन्हा आल्या आणि पुन्हा गडबडले. त्या सकाळी तर तिथल्या एका वर्तमानपत्राच्या इंटरनेट आवृत्तीत चषक जिंकल्याबद्दल आभार मानणारी जाहिरात चुकून आधीच झळकली होती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! आम्ही रात्री ५-१ ने ते बाशिंग सोडवले. तीन दिवसांनी मात्र आमचीच वरात निघाली.

टवाळखोर

म्हणजे चषक हवा असेल तर संघाला घरी पाय ठेवू देऊ नये. ही युक्ती बऱ्याच नवऱ्यांनाही लागू पडते.

सुगरण_कॅन्सस

मला सिद्धांत मांडता येत नाहीत, पण सातव्या सामन्याची आठवण सांगते. त्या जूनमध्ये माझे वडील साताऱ्याहून आले होते. तरुणपणी ते कबड्डी खेळायचे, हॉकी त्यांनी कधी पाहिली नव्हती. आमच्या दिवाणखान्यात ब्लूजचे सहा चाहते जमलेले, पोह्यांच्या बशा हातात तशाच राहिलेल्या, आणि बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून दर दोन मिनिटांनी विचारत होते की चकती आता कुठे आहे.

पहिल्या डावात बॉस्टनने आमच्या गोलावर बारा फटके मारले. आम्ही मारले चार. बिनिंग्टन गुडघ्यांवर बसून सगळे गिळत होता. बाबा म्हणाले, “हा एकच गडी खेळतो आहे, बाकीचे पळतात नुसते.” मग सतराव्या मिनिटाला ओ'रायलीने गोलासमोर उभे राहून, लांबून आलेल्या फटक्याला काठी लावली आणि १-० झाले. आमच्याकडे आरडाओरडा झाला, बाबांना मात्र चकती दिसलीच नव्हती.

डाव संपायला काही सेकंद उरले होते. श्वार्ट्झ डावीकडून पक घेऊन चालला होता. तेवढ्यात बॉस्टनचा मार्शंड अंगावर येणाऱ्याला सोडून बाकाकडे वळला. बाबा खुर्चीतून पुढे सरकले आणि म्हणाले, “अगं, चढाई अंगावर आली आहे आणि हा कोपरा सोडून निघाला कुठे?” त्यांचे वाक्य पुरे होण्याआधी त्याच रिकाम्या वाटेने पिएत्रांजेलो आत शिरला, काठीच्या पाठच्या बाजूने पक त्यांचा गोलरक्षक रास्क याच्या वरून टाकला, आणि घड्याळावर आठ सेकंद राहिले होते. बारा फटक्यांना शून्य आणि चार फटक्यांना दोन. खेळाडू ४५ सेकंदांनी बदलतात, दमलेला माणूस बाकावर जातो, हे मी बाबांना समजावून सांगितले. ते ऐकून घेऊन म्हणाले, “दमला असेल. पण आठ सेकंद कुणी दमतं का?”

तिसऱ्या डावात २-० असताना बिनिंग्टनने उजवा पाय लांबवून एक जवळचा फटका अडवला. तो आत गेला असता तर काय झाले असते, याचा विचार मी अजून करत नाही.

चार्ल्सतीर

ताई, तुमच्या वडिलांना साष्टांग नमस्कार सांगा. तो प्रश्न अख्खे बॉस्टन आजतागायत विचारत आहे.

त्रैराशिक

वरचे वर्णन वाचून हिमगौरीताईंशी अर्धी सहमती नोंदवतो. पहिल्या डावातले बारा फटके कोणत्याही नांगरलेल्या जमिनीतून आलेले नव्हते, ते त्याने एकट्याने अडवले. मात्र पुढच्या दोन डावांतली आघाडी राखण्याचे काम संघाने केले, ही बाकी माझ्या बाजूला ठेवतो.

हिमगौरी

अर्धी सहमती घेतली. उरलेली अर्धी पुढच्या हिवाळ्यापर्यंत उधार.

गोट्या

सगळे जण १९८२ सालचे ‘ग्लोरिया’ हे गाणे विसरले का? ६ जानेवारीला ब्लूजचे पाच खेळाडू फिलाडेल्फियातल्या एका बारमध्ये अमेरिकन फुटबॉलचा सामना पाहत बसले होते. तिथे ते गाणे वाजले की लोक नाचत, हे त्यांना आवडले आणि त्यांनी ते विजयगीत ठरवून टाकले. दुसऱ्याच दिवशी बिनिंग्टनचा तो ३-० चा सामना झाला, आणि २३ जानेवारीपासून लागोपाठ ११ विजय मिळाले, हा संघाचा विक्रम आहे. कारण सापडले, धागा बंद करावा.

तटस्थ

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, इतकेच. पण खरे सांगायचे तर बेरुबे, बिनिंग्टन आणि हे गाणे यांपैकी नेमका कावळा कोणता, हे मलाही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

मिसुरीकर

इतक्या प्रतिसादांनंतर मूळ प्रश्नाकडे परत येतो. धागा काढताना ‘काहीच बदलले नाही, तक्ता खोटा बोलत होता’ असे माझे म्हणणे होते. ते मी आता थोडे मागे घेतो.

तक्ता खोटा नव्हता. १० डिसेंबरला सरावाच्या वेळी झॅक सॅनफर्ड आणि रॉबर्ट बोर्टुझो या आमच्याच दोघांत गुद्दागुद्दी झाली होती आणि त्याची चित्रफीत गावभर फिरली होती. तो संघ खरोखरच आजारी होता. मी तेव्हा सामन्याची दोन तिकिटे कार्यालयात फुकट द्यायला काढली, तर घ्यायला कुणी पुढे आले नाही, शेवटी ती तशीच वाया गेली. पण आजारी असणे वेगळे आणि दुबळे असणे वेगळे, हा फरक मला मांडायचा होता आणि तो म्हैसपूरकरांनी माझ्यापेक्षा नीट मांडला. ताकद ओ'रायलीच्या रूपाने ऑक्टोबरपासून तिथेच होती. बेरुबेंनी पथ्य लावले, त्याचा गुण यायला सहा आठवडे लागले. आणि पथ्य अंगी लागेपर्यंत रोगी दगावू नये, हे काम बिनिंग्टनने केले. या क्रमात लावले की तारखाही जुळतात आणि हिमगौरीताईंची वजाबाकीही. बाद फेरीतल्या खांबांचा आणि शिट्ट्यांचा हिशोब मात्र मी तटस्थ यांच्या खात्यावर सोडतो, तो मला सुटलेला नाही.

जाता जाता एक सांगतो. त्या गुद्दागुद्दीतल्या बोर्टुझोने अंतिम मालिकेच्या दुसऱ्या सामन्यात गोल केला आणि सॅनफर्डने सातव्या सामन्यात चौथा. १५ जूनच्या मिरवणुकीत मी मार्केट स्ट्रीटवर मुलीला खांद्यावर घेऊन उभा होतो. तेव्हा ती सात वर्षांची होती. चषक पुढून गेला तेव्हा तिने विचारले, “बाबा, हे दर वर्षी असतं का?” माझ्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ उभे होते. त्यांना मराठी कळण्याचे कारण नव्हते, पण मी तिला काय उत्तर देतो हे ते माझ्या तोंडाकडे पाहत ऐकत होते.

कृष्णाकाठ

काय उत्तर दिलेत?

मिसुरीकर

हो म्हणालो.

म्हैसपूरकर

माझा एक हिशोब राहिला आहे. ओ'रायलीच्या बदल्यात मिळालेल्या पहिल्या फेरीच्या निवडीला एक अट होती. ती पहिल्या दहांत आली, तर सेंट लुईसला ती स्वतःकडे ठेवून पुढच्या वर्षीची देता येणार होती. निवडीचा क्रम साधारणपणे गुणतक्त्याच्या उलटा लागतो, त्यामुळे ३ जानेवारीच्या सकाळी आम्हा बफेलोकरांना एकच काळजी होती, की हे लोक इतके वाईट खेळत आहेत की आपली निवड वर्षभर लांबणार. आम्ही मनापासून प्रार्थना केली की ब्लूजने थोडे तरी जिंकावे, म्हणजे निवड दहाच्या बाहेर पडेल आणि याच वर्षी हाती येईल.

चषक जिंकणाऱ्याची निवड सर्वांत शेवटी असते. आम्हाला ३१ वा क्रमांक मिळाला.